प्रकल्प नोंदी : १९५४ च्या बेसबॉल मोसमातील फलंदाजी सरासरीचा तक्ता

४ ऑगस्ट

काम ठरले ते असे. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या १९५४ च्या मोसमात नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगमध्ये सरासरीत पहिले पाच फलंदाज कोण, याचा तक्ता मराठीत करायचा. छापील तक्ता उतरवून घ्यायचा नाही. प्रत्येक खेळाडूचे हिट (फटक्याने बेस, म्हणजे मैदानावरचा टप्पा, गाठल्याच्या वेळा) आणि ॲट-बॅट (सरासरीसाठी धरल्या जाणाऱ्या पाळ्या) घेऊन सरासरी स्वतः काढायची आणि शेवटी छापील आकड्यांशी ताडायची.

हाच मोसम का? एक तर नॅशनल लीगचा पहिला क्रमांक शेवटच्या दिवशी, मेज, म्युलर आणि स्नायडर या तिघांच्या चुरशीत ठरला. अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक सरासरीच्या नामांकित फलंदाजाला किताब (सरासरीत पहिल्या येणाऱ्याचा) मिळाला नाही. आणि सॅक्रिफाइस फ्लायचा (झेलबाद होऊनही धावपटूला घरी आणणाऱ्या उंच फटक्याचा) नियम त्याच वर्षी परत आला. एका मोसमात इतके खड्डे असल्यावर तक्ता काढायची पद्धत पक्की करायला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

साहित्य : लाहमन डेटाबेसमधील (बेसबॉलच्या वर्षवार आकडेवारीचा संग्रह) फलंदाजीची सीएसव्ही फाइल आणि खेळाडूंच्या नावांची फाइल. पडताळणीला रेट्रोशीट या संग्रहातले सामनावार धावफलक. हत्यारे : पायथन ही संगणकभाषा, तिचे पांडाज हे साधन, आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस. मोसम १५४ सामन्यांचा, प्रत्येक लीगमध्ये ८ संघ.

५ ऑगस्ट

आधी शब्द पक्के केले. मराठी वाचक ‘फलंदाजीची सरासरी’ वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात क्रिकेट असते : धावा भागिले बाद झालेल्या वेळा. बेसबॉलमध्ये धावांचा इथे संबंधच नाही. हिट भागिले ॲट-बॅट, म्हणजे उत्तर कायम ० ते १ च्या मध्ये. क्रिकेटमध्ये नाबाद डाव छेदातून वगळला जातो, तसे बेसबॉलमध्ये वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) छेदातून वगळला जातो. ही तुलना तळटीपेत द्यायची, कारण पुढचा सगळा घोळ छेदाचाच आहे.

ॲट-बॅटमध्ये काय धरायचे नाही : वॉक, चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस, सॅक्रिफाइस बंट (धावपटूला पुढे सरकवायला हळूच टेकवलेला चेंडू), सॅक्रिफाइस फ्लाय आणि कॅचरने (फलंदाजामागच्या झेलकऱ्याने) अडथळा केल्यामुळे मिळालेला बेस. काय धरायचे : क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे फलंदाज बेसवर पोहोचला तर ॲट-बॅट लागते, हिट मिळत नाही. चूक होती की हिट, हे त्या दिवशीचा स्कोअरर ठरवतो. यातले सगळे मिळून, म्हणजे फलंदाज प्लेटवर (फलंदाजीच्या जागी) उभा राहिला ती प्रत्येक वेळ, ही ‘प्लेट अपिअरन्स’. मराठीत तिला ‘फलंदाजीची पाळी’ म्हणायचे ठरले. ॲट-बॅटला मराठी शब्द पाडला नाही. ‘अधिकृत पाळी’ करून पाहिले, पण दोन्ही ‘पाळ्या’ शेजारीशेजारी आल्या की वाचणारा गडबडतो.

७ ऑगस्ट

फाइल चढवली. चार ठिकाणी अडकले, चारही नोंदवून ठेवतो, कारण दुसरा कुठलाही मोसम घेतला तरी हेच होणार.

पहिले, स्टिंटचा (एका मोसमात खेळाडूचा कितवा संघ, याचा) रकाना. मोसमाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूच्या ओळी संघाप्रमाणे वेगळ्या असतात. त्यांची बेरीज केली नाही तर कोणी किताबासाठीच्या किमान खेळाच्या उंबरठ्याखाली जातो, कोणाची सरासरी भलतीच दिसते. १९५४ मध्ये व्हिक वर्ट्झ बाल्टिमोरहून क्लीव्हलंडला गेला, त्याच्या दोन ओळी आहेत. (वर्ल्ड सिरीजमध्ये पोलो ग्राउंड्सवर विली मेजने पाठमोरा धावत टिपलेला तो फटका याच वर्ट्झचा.) दोन्ही संघ अमेरिकन लीगचे, म्हणून ओळी मिळवायच्या. लीग बदलली असेल तर मात्र मिळवायच्या नाहीत. १९९० चा विली मॅकगी सेंट लुइसकडून ०.३३५ वर असताना ऑगस्टअखेर ओकलंडला, म्हणजे दुसऱ्या लीगमध्ये गेला. नॅशनल लीगचा किताब त्याला त्या ०.३३५ वर मिळाला. दोन्हीकडचे मिळून तो ०.३२४ भरतो. तेव्हा बेरीज खेळाडू-क्रमांक, वर्ष आणि लीग या तिन्हींवर गट करून. नुसत्या खेळाडूवर नाही.

दुसरे, नावावरून जोडणी. पिट्सबर्गच्या १९५४ च्या संघात एक फ्रँक थॉमस आहे आणि १९९७ मध्ये ०.३४७ ने अमेरिकन लीगचा किताब जिंकणारा शिकागो व्हाइट सॉक्सचाही फ्रँक थॉमसच. खेळाडू-क्रमांकात एकाच्या शेवटी ०३ आहे, दुसऱ्याच्या ०४. जोडणी क्रमांकावरच, नाव फक्त छापताना घ्यायचे.

तिसरे, पूर्णांकाचा भागाकार. एसक्यूलाइटमध्ये १९५ भागिले ५६५ थेट दिले की उत्तर ० येते, कारण दोन्ही रकाने पूर्णांक. सगळा तक्ता शून्याने भरला म्हणून लगेच कळले. अंशाला १.० ने गुणून सोडवले.

चौथे जरा लबाड. या फाइलमध्ये पाळ्यांचा तयार रकाना नाही. ॲट-बॅट, वॉक, अंगाला लागलेले चेंडू, बंट आणि फ्लाय यांची बेरीज करावी लागते. १९५४ पूर्वीच्या ओळींमध्ये फ्लायचा रकाना रिकामा आहे. शून्य नाही, रिकामा. रिकाम्यात काही मिळवले की बेरीजही रिकामी, आणि पाळ्यांच्या अटीवर गाळणी लावली की ती ओळ गुपचूप गळते. चूक दाखवली जात नाही. तपासणीसाठी १९५३ चा मोसम चालवून पाहिला म्हणून सापडले. बेरजेआधी रिकाम्या जागी ० भरायचे, पण छापताना ते ० दाखवायचे नाही. ‘त्या वर्षी मोजत नव्हते’ आणि ‘एकही नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅचरच्या अडथळ्याची संख्या या फाइलमध्ये नसल्यामुळे काही खेळाडूंच्या पाळ्या एखाद-दुसऱ्याने कमी येतील. सरासरीला त्याचा धक्का नाही.

८ ऑगस्ट

कोणतीही अट न लावता आज्ञावली पहिल्यांदा चालवली. वरच्या ओळी अर्थात निरुपयोगी : दोन ॲट-बॅट, दोन हिट, सरासरी १.०००. क्रिकेटमध्ये अँडी गँटोमचे ११२ असेच. एकच कसोटी, एकच डाव, आणि ब्रॅडमनच्या ९९.९४ च्या वर.

पण अट नसताना थोडे खाली एक ओळ लक्षात राहण्याजोगी आली. न्यूयॉर्क जायंट्सचा डस्टी ऱ्होड्स, १६४ ॲट-बॅट, ५६ हिट, ०.३४१. बदली फलंदाज म्हणून गाजलेला. अमेरिकन लीगच्या विजेत्याची अधिकृत सरासरीही ०.३४१ च आहे. तीन दशांश स्थळांपर्यंत हुबेहूब, पण एकाने ५५५ ॲट-बॅट खेळून काढलेली आणि दुसऱ्याने १६४. उंबरठा कशासाठी हे दाखवायला तळटीपेत हीच जोडी घेणार.

११ ऑगस्ट

उंबरठ्याची नोंद. सर्वांत जास्त वेळ इथे गेला.

१९५४ चा नियम : किमान ४०० ॲट-बॅट. (संघाच्या दर सामन्याला २.६ असा हिशेब. १५४ सामन्यांचे ४००.४.) आताचा नियम १९५७ पासूनचा : दर सामन्याला ३.१ पाळ्या, म्हणजे १५४ सामन्यांना ४७७, १६२ सामन्यांना ५०२. त्याआधी, १९५० पूर्वी, नॅशनल लीगमध्ये साधारण १०० सामने खेळलेला असला की पुरे. आज्ञावलीत अट आधी एकच, कायमची कोरून ठेवली होती. ती काढून तीन पर्यायी अटी केल्या आणि तिन्ही १९५४ वर चालवल्या.

अमेरिकन लीग. टेड विल्यम्स, बॉस्टन : ११७ सामने, ३८६ ॲट-बॅट, १३३ हिट, ०.३४५. मार्चमध्ये सरावाच्या पहिल्याच दिवशी गळ्याचे हाड मोडले, त्यामुळे मोसमाचे सुरुवातीचे सामने गेले. तरी प्लेटवर तो काही कमी वेळा आला नाही. वॉक १३६, लीगमध्ये सर्वाधिक. वॉक छेदात धरत नाहीत आणि उंबरठाही त्याच छेदावर, म्हणून गोलंदाजांनी त्याला जितके टाळले तितका तो ४०० पासून लांब राहिला. १४ ॲट-बॅट कमी पडल्या. किताब क्लीव्हलंडच्या बॉबी आविलाला : ५५५ ॲट-बॅट, १८९ हिट, ०.३४१.

विल्यम्सच्या पाळ्या : ३८६ + १३६ वॉक + १ अंगाला लागलेला चेंडू + ३ फ्लाय = ५२६. आजच्या ४७७ च्या अटीत तो आरामात बसतो. म्हणजे १०० सामन्यांची अट लावली तर विल्यम्स, ४०० ॲट-बॅटची लावली तर आविला, ४७७ पाळ्यांची लावली तर पुन्हा विल्यम्स.

कमी पडलेल्या १४ ॲट-बॅट हिटविना गेल्या असे धरून पाहिले : १३३ भागिले ४०० = ०.३३२५. आविलाच्या ०.३४०५ च्या खालीच. आजच्या नियमात ही सवलत लिहिलेली आहे. पाळ्या कमी पडल्या तर तितक्या निष्फळ ॲट-बॅट जोडायच्या, तरीही तो पहिला राहिला तर किताब त्याचा. १९९६ मध्ये टोनी ग्विनच्या ४९८ पाळ्या होत्या, ४ कमी. १५९ भागिले ४५१, म्हणजे ०.३५३, चार जोडून १५९ भागिले ४५५, ०.३४९. दुसऱ्या क्रमांकाचा एलिस बर्क्स ०.३४४ वर, त्यामुळे किताब ग्विनकडे राहिला. ही सवलत आज्ञावलीत वेगळी पायरी म्हणून घातली. सुरुवातीला गाळणीतच घातली होती, तेव्हा जोडलेल्या ॲट-बॅट छापील सरासरीतही उतरल्या आणि ग्विन ०.३४९ दिसू लागला. तुलना जोडून करायची, छापायचे मात्र खरे.

नॅशनल लीगमध्ये याच अटींनी उलटा खेळ केला. फिलाडेल्फिया फिलीजचा कॅचर स्मोकी बर्जेस : १०८ सामने, ३४५ ॲट-बॅट, १२७ हिट, ०.३६८. जुन्या १०० सामन्यांच्या अटीवर किताब सरळ त्याचा, मेज-म्युलर-स्नायडर यांची गाजलेली चुरस दुसऱ्या क्रमांकासाठीची ठरली असती. त्या अटीवर कॅचर जिंकल्याची उदाहरणे आहेतच : १९२६ चा बबल्स हारग्रेव्ह (३२६ ॲट-बॅट, ०.३५३) आणि १९४२ चा अर्नी लोम्बार्डी (३०९ ॲट-बॅट, ०.३३०). कॅचरला विश्रांती द्यावी लागते, त्यामुळे सामने भरतात पण ॲट-बॅट भरत नाहीत. ४०० ची अट लावून बर्जेसला ५५ निष्फळ ॲट-बॅट जोडल्या तर ०.३१७५. आजच्या अटीतही तो बसत नाही.

तक्त्यात ४०० ॲट-बॅटचीच अट ठेवायची, कारण त्या वर्षी तीच होती. विल्यम्स आणि बर्जेस यांच्या ओळी तक्त्याच्या खाली, क्रमांक न देता. तक्त्यात वर घेऊन तारा लावण्याचा पर्याय होता, नको. तारा कोणी वाचत नाही.

१३ ऑगस्ट

पूर्णांकन. स्नायडर १९९ भागिले ५८४ = ०.३४०७५, आविला १८९ भागिले ५५५ = ०.३४०५४. दोघे छापताना ०.३४१. लीग वेगळ्या असल्यामुळे इथे अडत नाही, पण अमेरिकन लीगमध्ये तिसरा-चौथा क्रमांक असाच आहे : अर्व्ह नॉरेन १३६ भागिले ४२६ = ०.३१९२५, नेली फॉक्स २०१ भागिले ६३१ = ०.३१८५४. दोन्ही ०.३१९. पूर्णांक केलेल्या रकान्यावर क्रम लावला तर कोण वर येईल ते फाइलमधल्या ओळींच्या क्रमावर ठरते. क्रम अपूर्णांकांवरच लावायचा, आणि शंका असेल तर तिरकस गुणाकार : १३६ × ६३१ = ८५८१६, २०१ × ४२६ = ८५६२६. नॉरेन वर.

दुसरी गोष्ट, पायथनची अंगभूत पूर्णांकन क्रिया. नेमक्या अर्ध्यावर ती जवळच्या सम अंकाकडे जाते. १२५ भागिले ४०० = ०.३१२५, बेसबॉलच्या रिवाजाप्रमाणे ०.३१३, पायथन देतो ०.३१२. दशांशांच्या नादी न लागता पूर्णांकातच काढले : हिट गुणिले २०००, त्यात ॲट-बॅट मिळवायच्या, त्याला ॲट-बॅटच्या दुपटीने भागून शेष टाकून द्यायचा. १२५ आणि ४०० साठी २५०४०० भागिले ८०० = ३१३. मेजसाठी ३९०५६५ भागिले ११३०, म्हणजे ३४५. बरोबर.

१४ ऑगस्ट

मूळ नोंदी आणि दुरुस्त नोंदी यांत फरक असेल तर काय करायचे, हे ठरवले. १९५४ च्या किताबांना याची झळ नाही, पण पद्धत पुढे १९१० ला लावायची वेळ आली तर ठरवलेले हवे. त्या वर्षी टाय कॉब ०.३८५ आणि नॅप लाजवे ०.३८४ असे अधिकृत जाहीर झाले. कॉबचा एक सामना दोनदा मोजला गेला होता हे फार नंतर उघड झाले; दुरुस्त केले की लाजवे पुढे जातो. १९८१ मध्ये बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी निकाल बदलायला नकार दिला. तेव्हा तक्त्यात सरासरी दुरुस्त नोंदीची, किताबाचा रकाना त्या वेळच्या निर्णयाप्रमाणे. दोन्ही जुळत नसतील तर न जुळलेलेच छापायचे.

१८ ऑगस्ट

नॅशनल लीगचा शेवटचा दिवस, २६ सप्टेंबर १९५४. मोसमाच्या बेरजेतून त्या दिवसाचे आकडे वजा करून आदल्या रात्रीची स्थिती काढली.

डॉन म्युलर, जायंट्स : २१० / ६१३ = ०.३४२६
ड्यूक स्नायडर, डॉजर्स : १९९ / ५८१ = ०.३४२५
विली मेज, जायंट्स : १९२ / ५६१ = ०.३४२२

पहिल्या-तिसऱ्यात ०.०००३ चा फरक. तीन दशांशांत म्युलर आणि स्नायडर ०.३४३, मेज ०.३४२. चार स्थळे छापल्याशिवाय हा भाग कळणारच नाही, म्हणून फक्त याच पेटीत चार.

जायंट्सचा सामना फिलाडेल्फियात, समोर गोलंदाज रॉबिन रॉबर्ट्स. सामना ११ इनिंग लांबला, त्यामुळे म्युलरला ६ ॲट-बॅट पडल्या, हिट २. मेज ४ पैकी ३. ब्रुकलिनमध्ये एबेट्स फील्डवर डॉजर्सने पिट्सबर्गला १-० ने हरवले, स्नायडर ३ पैकी ०.

शेवट : मेज १९५ / ५६५ = ०.३४५१, म्युलर २१२ / ६१९ = ०.३४२५, स्नायडर १९९ / ५८४ = ०.३४०८.

उलटे करूनही पाहिले. मेजला २ हिटही पुरल्या असत्या (१९४ / ५६५ = ०.३४३४). एकच मिळाली असती तर ०.३४१६, आणि किताब म्युलरला. मेजच्या तीन हिटनंतर म्युलरला ६ पैकी ४ लागत होत्या, तीनवर ०.३४४१ होतात, पुरत नाहीत. स्नायडरला तीनपैकी तीन. पाचव्या-सहाव्या ॲट-बॅटने म्युलरचे नुकसान केले असे म्हणायचा मोह होतो, पण ४ पैकी २ धरले तरी २१२ / ६१७ = ०.३४३६ च. मेज वरच.

२० ऑगस्ट

सॅक्रिफाइस फ्लाय. बेसवरचा धावपटू घरी पोहोचेल असा उंच फटका मारून फलंदाज झेलबाद झाला तर १९५४ पासून ॲट-बॅट लागत नाही. १९४० ते १९५३ मध्ये लागत होती. त्यामुळे १९५३ आणि १९५४ चे तक्ते शेजारी ठेवले तर छेद एकाच मापाचे नसतात.

फरक किती पडू शकतो? १९५३ ची अमेरिकन लीग बघा. वॉशिंग्टनचा मिकी व्हर्नन २०५ / ६०८ = ०.३३७२, क्लीव्हलंडचा अल रोझेन २०१ / ५९९ = ०.३३५६. होमरन आणि धावा-नोंदणी (आपल्या फलंदाजीवर घरी आलेल्या धावा) या दोन्हींत रोझेन पहिला होता; सरासरीत एक हिट जास्त असती (२०२ / ५९९ = ०.३३७२३ विरुद्ध ०.३३७१७) तर तिहेरी मुकुट (तिन्हींत पहिला येण्याचा मान) त्याचा. आता समजा नवा नियम एक वर्ष आधी आला असता आणि रोझेनच्या खात्यावर व्हर्ननपेक्षा फक्त तीन फ्लाय जास्त निघाल्या असत्या : २०१ / ५९६ = ०.३३७२५. तेवढ्यानेही पारडे फिरले असते. विल्यम्सचा १९४१ चा ०.४०६ (१८५ / ४५६) हाही फ्लाय छेदात धरूनच आहे, हे कोणी त्याची नंतरच्या सरासरींशी तुलना करायला घेतली की सांगावे लागते.

१९५३ चा रकाना तक्त्यातून काढून टाकला. आधी ‘मागील वर्ष’ म्हणून शेजारी होता.

२२ ऑगस्ट

छपाईची किरकोळ कामे, पण दोनदा अडवले. देवनागरी अंक भरलेला रकाना स्प्रेडशीटला आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. क्रम आणि बेरीज दोन्ही बिघडतात. सगळा हिशेब साध्या अंकांत ठेवून अगदी शेवटच्या पायरीला अक्षरबदल. दुसरे, नॅशनल लीगमध्ये चौथ्या आलेल्या म्युझिअलचे ०.३३० स्प्रेडशीट ०.३३ करून टाकते. रकान्याला तीन स्थळे सक्तीची दिली. अमेरिकन पद्धतीत बिंदूआधी शून्य लिहीत नाहीत; आपण लिहायचे, नाहीतर ओळीच्या सुरुवातीचा टिंब नजरेतून सुटतो आणि ३४५ धावा वाटतात.

२५ ऑगस्ट

तक्ता गोठवला.

नॅशनल लीग
१. विली मेज, न्यूयॉर्क जायंट्स : ५६५ ॲट-बॅट, १९५ हिट, ०.३४५
२. डॉन म्युलर, न्यूयॉर्क जायंट्स : ६१९, २१२, ०.३४२
३. ड्यूक स्नायडर, ब्रुकलिन डॉजर्स : ५८४, १९९, ०.३४१
४. स्टॅन म्युझिअल, सेंट लुइस कार्डिनल्स : ५९१, १९५, ०.३३०
५. टेड क्लुझेव्हस्की, सिनसिनाटी : ५७३, १८७, ०.३२६

अमेरिकन लीग
१. बॉबी आविला, क्लीव्हलंड : ५५५, १८९, ०.३४१
२. मिनी मिनोसो, शिकागो व्हाइट सॉक्स : ५६८, १८२, ०.३२०
३. अर्व्ह नॉरेन, न्यूयॉर्क यँकीज : ४२६, १३६, ०.३१९
४. नेली फॉक्स, शिकागो व्हाइट सॉक्स : ६३१, २०१, ०.३१९
५. योगी बेरा, न्यूयॉर्क यँकीज : ५८४, १७९, ०.३०७

अटीबाहेर : स्मोकी बर्जेस ३४५, १२७, ०.३६८, टेड विल्यम्स ३८६, १३३, ०.३४५.

२६ ऑगस्ट

विल्यम्सच्या ओळीखालची टीप बदलली. आधी ‘दुखापतीमुळे अपात्र’ लिहिले होते. ते अर्धवट आहे; दुखापतीनंतरही पाळ्या ५२६ भरल्या होत्या. नवी टीप : ‘१३६ वॉक, ॲट-बॅट ४०० ला १४ कमी.’ मेज आणि विल्यम्स दोघे ०.३४५ दिसतात, म्हणून विल्यम्सपुढे ०.३४४६ आणि मेजपुढे ०.३४५१ असे कंसात चार स्थळांपर्यंत दिले.